शेतातला फोटो विकायचा असेल तर

शाळेचे पुस्तक, बियाण्याचे पत्रक, बँकेचे कॅलेंडर यांवर शेताचा फोटो असतो. तो दर वेळी कोणी मुद्दाम गावी येऊन काढलेला नसतो. फोटोंचा साठा ठेवणाऱ्या कंपन्या असतात. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक ही त्यांतली मोठी नावे. मोबाइलवर काढलेला फोटोही तेथे पाठवता येतो. तो पसंत पडला आणि कोणी वापरायला घेतला, की आपल्याला हिस्सा मिळतो. अडोबी ३३ टक्के देते. शटरस्टॉक २०२० पासून १५ ते ४० टक्के. एका वेळी हाती पडतात ते बहुधा थोडे रुपयेच, आणि तेही ठरावीक रक्कम साठल्यावर. तेव्हा यावर कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. नाव नोंदवायला या कंपन्या पैसे घेत नाहीत. मध्ये कोणी मागितले तर देऊ नयेत.

माझीच चूक सांगतो. मागे कापसाच्या वेचणीचे फोटो मी भर दुपारी काढले. चेहऱ्यावर पदराची काळी सावली, मागे खताच्या गोणीवर कंपनीचे नाव. सारे परत आले. दुसऱ्या खेपेला सकाळच्या कोवळ्या उन्हात गेलो. फोटो उत्तम, तरी परत. कारण वेचणाऱ्या बाईंची लेखी संमती नव्हती. संमतीपत्र घेऊन गेलो, तर त्या म्हणाल्या, "साहेब, तोंड माझं, विकणार तुम्ही. मग मला काय?"

मला उत्तर सुचेना. मग बांधावर बसून सारे समजावून सांगितले: हा फोटो कोठेही छापला जाईल, एकदा गेला की परत आणता येणार नाही, येईल त्यात निम्मे तुमचे. त्यांनी चेहऱ्याला नकार दिला, हातांना होकार दिला. बोंडातून कापूस ओढणारे ते हातच शेवटी साठ्यात गेले.

तेव्हा बंधुभगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा :

• भिंगावरची धूळ मऊ सुती कापडाने पुसा.

• सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा.

• झूम न करता स्वतः जवळ जा. एका फोटोत एकच गोष्ट घ्या; बाजूला मोकळी जागा सोडा, तेथे छापणारा अक्षरे घालतो.

• मूळ फोटो पाठवा, तो निदान ४ मेगापिक्सेलचा हवा. व्हॉट्सॲपवरून आलेला चालत नाही.

• माणूस ओळखू येत असेल तर सही घ्या, मुलांसाठी पालकांची. ओळखू येत नसला तरी आधी विचारा.

• माहिती नेमकी लिहा. 'शेतात काम' असे नको. 'कापूस, दुसरी वेचणी, यवतमाळ जिल्हा, डिसेंबर' असे लिहा.

शहरातल्या फोटोवाल्याला बोंडअळी म्हणजे नुसती अळी. गुलाबी कोणती, हिरवी कोणती, हे तुम्हाला दिसते. तुमचा फोटो सरस ठरायचा तो या जाणकारीवर, आणि ज्याचा काढला त्याच्या खुशीवर.