जुन्या मोटारीतील तेलाची परतवाट

आपल्या ट्रॉम्ब्यास तेल ही वस्तू अपरिचित नाही. शेजारच्या माहुल येथे १९५४ साली खनिज तेल शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. १९७४ पासून हिंदुस्थान पेट्रोलियमकडे असलेल्या त्या कारखान्यात इंधनाबरोबर वंगणाचे मूळ तेलही तयार होते. परंतु तेच वंगण मोटारीच्या पोटात गेल्यावर कोठून कोठे जाते, आणि मुख्य म्हणजे परत कसे येते, याचा विचार गाडी निळा धूर ओकू लागेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. तो विचार येथे टर्बोचार्जरच्या एका लहानशा जोडाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

इंजिनातून निघणारा तप्त धूर एरवी फुकट जातो. त्याच्या जोरावर एक चक्र फिरवावे, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेल्या पंख्याने इंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्यांनी १९०५ साली मिळविले. आपल्या प्रांती पुण्यास बनलेली टाटा सफारी १९९८ साली व नाशकास बनलेली महिंद्र स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली, तेव्हापासून टर्बोची डिझेल गाडी सामान्य कुटुंबांसही माहीत झाली. त्या पिढीतील ज्या गाड्या अद्याप चालू आहेत, त्यांच्या धन्यांस हा लेख विशेष उपयोगी पडावा.

टर्बोचा दांडा भर वेगात मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. अशा वेगास धातूवर धातू घासून कसे चालेल? म्हणून तो दांडा बुशांमध्ये तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत ठेवलेला असतो. हे तेल पंपाच्या दाबाने एका बारीक नळीतून वरून येते. आपले काम करून ते खाली पडते, तेव्हा मात्र त्याच्यामागे कोणताही दाब उरलेला नसतो. शिवाय घुसळणीने त्यात हवा मिसळून त्याचा फेस झालेला असतो. हा फेस केवळ स्वतःच्या भाराने इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरावयाचा असतो. येणारी नळी पेन्सिलीहून बारीक आणि जाणारी नळी बोटभर रुंद का, याचे उत्तर यातच आहे. ज्यांस प्रचीती हवी, त्यांनी एकाच नरसाळ्यातून प्रथम पाणी व मग साबणाचा दाट फेस ओतून पाहावा.

आता ही परतवाट तुंबली तर काय होईल? दांड्याच्या दोन्ही टोकांस ज्या कड्या असतात, त्या बाटलीच्या बुचासारख्या घट्ट नसतात. मधली पोकळी रिकामी राहते, या भरवशावरच त्या तेल अडवितात. पोकळी भरली की तेल कड्यांपलीकडे जाते. ते धुराच्या बाजूस गेले तर सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. हवेच्या बाजूस गेले तर प्रसंग अधिक भयंकर, कारण डिझेलचे इंजिन ते तेलच इंधन म्हणून जाळू लागते, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. जोड फुटून तेल बाहेर गळू लागले, तर ते लालबुंद धूरनळीवर पडून पेट घेऊ शकते.

आमच्या परिचयाच्या एका पालकांची जुनी गाडी हेच त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. धूर दिसताच त्यांस नवा टर्बो बसविण्याचा सल्ला मिळाला, आणि मुलीच्या फीसाठी राखलेले पैसे त्यात गेले. महिन्याभरात धूर पुन्हा हजर! पुढे एका वृद्ध मिस्त्रींनी परतीची नळी सोडविली, तेव्हा तोंडाशी पॅकिंगच्या गोंदाचा वाळलेला गोळा सापडला. पहिला टर्बो बहुधा निर्दोषच असावा. टर्बोस दोष देण्यापूर्वी त्याची परतवाट पाहावी, हे आमचे आग्रहाचे सांगणे याचमुळे आहे.

दुरुस्ती फार अवघड नाही, पण घाई तिला सोसत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार सोडावी, आणि गाडीखाली शिरावयाचे असल्यास नुसत्या जॅकवर विसंबू नये, भक्कम घोड्या लावाव्यात. टर्बोच्या बुडाशी दोन बोल्टांनी नळीची बैठक आवळलेली असते. खालचे टोक बहुतेक गाड्यांत आखूड रबरी नळीने इंजिनास जोडलेले असते. लोखंडी नळी रॉकेलमध्ये भिजवून आतील जळका काजळथर ब्रशाने काढावा, आणि पलीकडचा उजेड स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नये. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने ती बाहेरून गंजते. गंजाने पातळ झालेली नळी झाळून वापरण्यापेक्षा बदललेली बरी. पॅकिंग नवे घ्यावे, गोंद लावू नये. रबर तेल व उष्णता दोन्ही सोसणारेच हवे. रेडिएटरची नळी मापाने बसते म्हणून पुष्कळ जण तीच बसवितात, पण तेलाने ती फुगून मऊ पडते आणि वाट पुन्हा बंद होते. नळी कोठेही आडवी किंवा मुडपलेली नसावी. उभ्या रेषेपासून ती सुमारे ३५ अंशांहून अधिक कलू नये.

याच वेळी इंजिनाचा ब्रीदरही साफ करावा. तो तुंबल्यास चेंबरमधील वायूचा दाब वाढून उतरते तेल मागे रेटले जाते. चेंबरमध्ये खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यानेही तोच परिणाम होतो. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा घरगुती हिशेब येथे लागू पडत नाही.

सर्व जोडल्यावर पुरवठ्याच्या तोंडातून थोडे स्वच्छ ऑइल टर्बोत सोडावे, म्हणजे पहिल्या फेऱ्यांस दांडा कोरडा फिरत नाही. मग इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे व विजेरीने दोन्ही जोड न्याहाळावेत. साठलेले जुने तेल जळेपर्यंत थोडा धूर येतच राहील, त्याने घाबरून पुन्हा खोलाखोल करू नये. आठवड्याभराने क्लिपा आवळून पाहाव्यात, आणि डिपस्टिकवरील तेलाची खूण वहीत टिपून ठेवावी. हे काम घरातील मुलामुलींकडे सोपविण्यास काहीच हरकत नाही.