इराणी बागायतदारांच्या हयात वारसांचा शोध

स्थलांतर : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द व केरमान भागांतून आलेल्या जरथुश्त्री कुटुंबांपैकी काहींनी डहाणू-घोलवड पट्ट्यात चिकूच्या वाड्या उभ्या केल्या; घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाले.

मागोवा : पालघर जिल्ह्यातील बेटेगाव, बोईसर वा डहाणू, कोठेही हा शोध सातबाऱ्यापासून सुरू करता येतो, कारण त्यावरील फेरफार क्रमांक गाव नमुना 6 कडे, म्हणजे हक्कबदलांच्या नोंदवहीकडे नेतो, तर मृत खातेदारांचे वारस गाव नमुना 6-क मध्ये नोंदलेले असतात.

सावधगिरी : पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी स्वतंत्र झाल्यामुळे त्यापूर्वीच्या दस्तांवर ठाणे जिल्ह्याचा उल्लेख आढळतो. 'इराणी' हे आडनाव केवळ मूळ देश सांगते. म्हणून नुसत्या आडनावावरून नाते जोडू नये आणि हयात वारसांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये.