दुर्मिळ वाद्ये, सुलभ प्रती

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वावरलेले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘रोलँड’ या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये जोडून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही; २०१० मध्ये ती पुनःप्रकाशित झाली तेव्हा मात्र देशोदेशीच्या रसिकांनी तिचे कौतुक केले. त्या तीन वाद्यांपैकी ‘टीबी-३०३’ या छोट्या सिंथेसायझरची कथा तर अर्थशास्त्राच्या वर्गात सांगावी अशी आहे.

गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून ते १९८१ मध्ये बाजारात आले, खपले नाही, आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. स्वस्तात विकली जाणारी ही जुनी यंत्रे शिकागोच्या होतकरू तरुणांच्या हाती पडली व १९८७ च्या सुमारास त्यांतून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच जन्मास आला. मागणी वाढली, पुरवठा तर कायमचा आटलेला. जे वाद्य गरिबाला परवडले म्हणून थोर ठरले, ते थोर ठरल्यामुळेच गरिबाला परवडेनासे झाले!

ही कोंडी संगणकाने फोडली. जुन्या सिंथेसायझरमध्ये विजेच्या दाबातील चढउतारांतून स्वर निर्माण होतो. त्याच विद्युत्मंडलाची समीकरणे मांडून संगणक दर सेकंदाला हजारो वेळा ती सोडवितो. तापमानानुसार किंचित ढळणारा स्वर, फिल्टरचा खरखरीतपणा ही वैगुण्येही मुद्दाम उतरवावी लागतात. कारण कानाला गोडी लागते ती त्यांचीच. ‘टीबी-३०३’ची अशी प्रत ‘रीबर्थ’ या नावाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनमध्ये तयार झाली.

प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला, म्हणून टंचाई संपली असे मात्र कोणी समजू नये. रोलँडने आपल्या हक्काचा मुद्दा उपस्थित केल्यावर २०१७ मध्ये ‘रीबर्थ’ची आयपॅडवरील आवृत्ती मागे घेण्यात आली. निसर्गाने निर्माण न केलेली टंचाई कायदा निर्माण करू शकतो.

अशा प्रतींच्या शोधात असलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, चोरून उतरवून घेतली तर कोणाचे काय बिघडते?” बिघडते ते त्याचेच. उद्या त्याने केलेले संगीत ज्या साधनावर उभे असेल, ते त्याचे नसेल. त्यापेक्षा ‘सर्ज’सारख्या साधनांकडे त्याने वळावे. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने त्याची संपूर्ण आज्ञावली सर्वांना खुली केली आणि तेव्हापासून स्वयंसेवक तिची निगा राखीत आहेत. ते कोणा एका जुन्या वाद्याची हुबेहूब प्रत नव्हे. परंतु जुन्या धाटणीचे फिल्टर त्यात आहेत, आणि ते विनामूल्य आहे.

जुना नाद जपावयाचा तर केवळ त्याची नक्कल पुरेशी नाही. ती नक्कल वापरण्याचा हक्कही सुरक्षित हवा. चरणजित सिंगांना जे साधले ते यंत्राच्या नावामुळे नव्हे. हाती आलेले यंत्र निःशंकपणे वापरण्याची मोकळीक त्यांना होती. तीच मोकळीक आजच्या विद्यार्थ्याला मिळावी, एवढीच अपेक्षा.