आपल्या अंकासाठी कसं लिहायचं?



दर अंकाच्या वेळी तुमचे पुष्कळ कागद येतात. कुणी वहीचं पान फाडून देतं, कुणी मोबाईलवर फोटो काढून पाठवतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त कागदांची सुरुवात एकसारखी असते. "आमच्या गटाची स्थापना अमुक तारखेला झाली. गटात १२ महिला आहेत. आम्ही दरमहा १०० रुपये बचत करतो. गटामुळे आमचे आर्थिक सक्षमीकरण झाले आहे." खाली सही. गटाचं नाव झाकलं, तर हा कागद कोणत्या गावचा ते मलाही सांगता यायचं नाही.

यात तुमची चूक नाही. आपण लिहायला लागलो तेच मुळी ठरावाच्या वहीत आणि बँकेच्या अर्जावर. तिथे ती भाषा बरोबर आहे. साहेबांना तारीख आणि आकडा लागतो. पण आपला अंक हातात घेऊन ओट्यावर बसलेली शेजारच्या गावची बाई काही कर्ज मंजूर करायला बसलेली नसते. तिला बघायचं असतं, माझ्यासारख्याच बाईचं पुढे काय झालं?

मागच्या उन्हाळ्यात एका ताईंनी कागद आणला. "शेळीपालन व्यवसायातून माझ्या कुटुंबाची प्रगती झाली." आणि अशीच अजून चार वाक्यं. मी चहा ठेवला आणि विचारलं, प्रगती म्हणजे नेमकं काय झालं हो? मग त्या सांगायला लागल्या. गटाच्या अंतर्गत कर्जातून दोन शेळ्या घेतल्या. पावसाळ्याच्या तोंडी कोवळा ओला चारा जास्त खाल्ला आणि एक पोट फुगून मेली. गाभण होती. दुसरीला दोन बोकड झाले. ते ईदच्या आधीच्या बाजारात विकले आणि घरी न जाता तशाच सराफाकडे गेल्या, गहाण पडलेलं डोरलं सोडवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी गळ्याकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे. बोलल्या काही नाहीत. पण त्या रात्री शेळीला पाला सासूबाईंनीच टाकला.

मी म्हटलं, ताई, हेच लिहा ना. तर म्हणाल्या, "हे काय लिहायचं, हे तर घरचं झालं!"

पण त्यांनी लिहिलं, आम्ही छापलं, आणि दोन-तीन गटांतून निरोप आले. चारा किती टाकायचा, शेळी फुगली तर पशुवैद्य येईपर्यंत काय करायचं, ईदचा बाजार कधी भरतो. "प्रगती झाली" हे वाचून कुणी काय विचारलं असतं?

तर पहिली गोष्ट, एकच प्रसंग घ्या. गटाची १० वर्षं एका पानात मावत नाहीत, पण एक बाजाराचा दिवस मावतो. सुरुवात स्थापनेपासून करू नका, जिथे काहीतरी घडलं तिथून करा. "शेळी मेली त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही," अशा वाक्याने सुरू करा. गट कधी सुरू झाला ते मध्येच कुठेतरी एका ओळीत येतं, नाही आलं तरी चालतं.

आकडे मात्र सोडू नका. "भरपूर फायदा झाला" म्हणजे किती? कितीला घेतलं, कितीला विकलं, टेम्पोला किती गेले, हातात काय राहिलं. आणि तोटा झाला असेल तर तो आधी लिहा. आपल्याकडे फक्त यशोगाथा लिहायची असते असा समज आहे, आणि तो आम्हीच करून दिलाय म्हणा. एका गटाने उडदाचे पापड केले. ऑर्डर मोठी, आभाळ भरून आलेलं, पापड पुरते वाळले नाहीत आणि तसेच पिशवीत भरले. आठ दिवसांत बुरशी. दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. त्या ताई म्हणाल्या, हे छापू नका, गटाची बदनामी होईल. मला विचाराल तर त्या वर्षी आलेल्या सगळ्या कागदांत तोच कामाचा होता. तो छापला असता, तर दुसऱ्या एखाद्या गटाचे पापड वाचले असते.

आता भाषेचं. "ताई, आमची बोली अशुद्ध, तुम्ही नीट करून घ्या," असं बऱ्याच जणी म्हणतात. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. जळगावकडे शेतात आणि घरात राबताना त्या ज्या ओव्या म्हणायच्या, त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली, ती त्यांच्या बोलीतच. शाळेत आपल्या पोरांनी त्या कविता पाठ केल्यात. तेव्हा तुमच्याकडे ज्याला जे म्हणतात तेच लिहा. अडलं तर आम्ही फोन करून विचारू.

लिहिताना हात अडत असेल तर आधी बोला. जावेला किंवा मैत्रिणीला सगळं सांगा आणि मोबाईलवर आवाज भरून ठेवा. मग ऐकत ऐकत उतरवा. फोनच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, तिथे मराठी भाषा निवडली की बोललेलं आपोआप लिहून येतं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. गावांची नावं आणि आकडे तो हमखास चुकवतो, पन्नासचे पाचशे झाले तर हिशोबाला तोंड तुम्हालाच द्यावं लागेल. लिहून झालं की कागद एक दिवस बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे वाचताना तुम्हालाच कंटाळा येतो, ते काढून टाका.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला बरं वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एक लेख छापला. गटातल्या एकीच्या नवऱ्याने कर्जाचे पैसे दारूत घालवले, मग सगळ्या बायांनी मिळून तिला कसं सावरलं, असा. लिहिणारीने नाव टाकलं नव्हतं. आम्हाला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं. पण "तीन मुलींची आई, विहिरीजवळचं घर" एवढं होतं. गावात तेवढं पुरतं. अंक तिच्या दिरापर्यंत गेला. ती ताई पुढे कितीतरी महिने बैठकीला आली नाही, हप्ता मुलीच्या हाती पाठवायची. लेख मदतीचाच होता, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

तेव्हापासून दुसऱ्या बाईबद्दल काही लिहिलं असेल तर छापण्याआधी ते तिला वाचून दाखवायचं, असं आम्ही ठरवलंय. ती नको म्हणाली तर नको. नुसतं नाव बदलून भागत नाही, घर, मुलं, धंदाही बदलावा लागतो. फोटोचंही तसंच. आणि कागदासोबत पासबुकाचा नाहीतर आधार कार्डाचा फोटो कृपा करून पाठवू नका, आम्हाला तो लागत नाही.

स्वतःच्या घरातलं लिहिताना तर याहून जड जातं. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळता सांभाळता लिहायच्या आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, अशी कित्येक वर्षं गेली. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात आलं, पुस्तक १९८६ मध्ये निघालं. म्हणजे लिहिलं की लगेच छापायला दिलंच पाहिजे असं नाही. मनात आहे ते लिहून ट्रंकेत ठेवा. द्यावंसं वाटेल त्या दिवशी द्या. नाव न छापताही देता येतं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, आणि मुलीने नाहीतर सीआरपी ताईंनी उतरवायचं. उतरवून घेणारीला एकच विनंती. आई "पोट खपाटीला गेलं होतं" म्हणाली, तर तुम्ही "आर्थिक परिस्थिती हलाखीची होती" असं लिहू नका. ती बोलली तसंच येऊ द्या, आणि शेवटी तिला वाचून दाखवा.

वहीचं एक-दीड पान पुरे. कागद पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला आणून द्या. वरच्या कोपऱ्यात गाव, गट आणि फोन नंबर लिहा, आणि त्याखाली "नाव छापा" किंवा "नाव छापू नका" यातलं एक.