दशांशाची चूक कोण पकडणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

धुळ्याच्या किंवा जळगावच्या मार्केट यार्डात माल विकला, की शेतकऱ्याच्या हातात शेवटी येते ती पट्टी. वजन, भाव, त्यातून वजा झालेली हमाली, तोलाई आणि खाली उरलेली रक्कम. दिवाणजी ती हाताने लिहीत, तेव्हा शेतकरी समोर उभा राहून तोंडी आकडेमोड करी आणि शंका आली तर सरळ विचारी, "भाऊ, हाऊ हिशोब बरोबर शे ना?" तीच पट्टी यंत्रातून छापून आली, की माणूस सहसा विचारत नाही. छापील आकड्याचा धाक असतो. म्हणून यंत्राच्या पोटात हा प्रश्न कोण विचारतो, ते आज सांगायचं आहे.

मी आरपीजी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो आणि नव्या मुलांना ती शिकवतो. हिशोब, बिलं, साठा, पगार अशा कामांसाठीच ही भाषा जन्मली. आयबीएम कंपनीने १९५९ साली आणलेल्या १४०१ या यंत्रासाठी ती तयार झाली, तेव्हा प्रोग्रॅम ८० घरांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत. कोणत्या घरात कोणतं अक्षर याला इतकं महत्त्व, की पुढे कार्डं गेली तरी सहाव्या घरातल्या अक्षरावरून ओळीची जात ठरायची पद्धत कित्येक वर्षं राहिली.

आपल्याकडे तिची वाट जरा वाकडी. परकीय भांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट न पटल्याने आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली आणि १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परतली. तोवर १९८८ साली तिचं एएस/४०० हे यंत्र जगभर निघालं होतं आणि त्यावर आरपीजीचंच राज्य होतं. पुढे २००० सालाच्या तारखांचा प्रश्न उभा राहिला, जुने प्रोग्रॅम तपासायला माणसं हवी झाली आणि खानदेशातली बरीच मुलं महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला उतरली. मी त्यांतलाच एक. कॉलेजात आम्हाला कोबोल होती. आरपीजीचं नावही कानावर आलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. मोठं काम एकाच प्रोग्रॅममध्ये कोणी लिहीत नाही. पट्टी छापणारा प्रोग्रॅम हमाली काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारतो आणि वजन त्याच्याकडे देतो. देतो म्हणजे काय करतो? आकडा उचलून हातात देत नाही. तो कुठे ठेवलाय तेवढा पत्ता सांगतो. समजा, शेठजींनी नव्या हमालाला सांगितलं, "तिसऱ्या गाळ्यातली दुसरी थप्पी घे." थप्पीत गहू की हरभरा, ते बोलले नाहीत. हमाल तूर समजूनच पोती उचलतो. कोणी थांबवत नाही, कारण पत्ता बरोबर आहे.

यंत्रात हे हुबेहूब घडतं. आरपीजीत आकडे दाबून भरतात, एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटी चिन्हाची अर्धी जागा. सात अंकी आकड्याला चार बाइट लागतात. पण दशांशचिन्ह कुठे, हे त्या चार बाइटांत कुठेही लिहिलेलं नसतं! ते फक्त प्रोग्रॅमच्या समजुतीत असतं. पट्टीवाला म्हणतो, सातातले शेवटचे दोन अंक दशांशाचे, वजन १२५०.७५ किलो. हमालीवाला म्हणतो, दशांश नाहीच. तो तेच चार बाइट वाचतो १२५०७५ असे. वजन शंभर पट. यंत्र अडखळत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, पट्टी सुबक छापून बाहेर पडते आणि हमाली मात्र शंभर पट कापली जाते.

याहून वाईट प्रकार लांबीचा. हाक मारणाऱ्याने पाच अक्षरांची जागा ठेवली आणि समोरचा तिथे दहा अक्षरं लिहून गेला, तर शेजारच्या खोलीतला माल चिरडला जातो. चूक एकीकडे आणि रडगाणं भलतीकडेच. अशा चुका शोधताना रात्री जातात.

१९९४ साली या भाषेची चौथी पिढी आली आणि एक-दोन वर्षांतच तिच्यात प्रोटोटाइप हा प्रकार मिळाला. प्रोटोटाइप म्हणजे हाक मारण्याचा आगाऊ लिहिलेला करार. हमालीवाल्याला एकच गोष्ट द्यायची. ती आकडाच हवी. सात अंकी, दोन दशांशांची. हे एकदा लिहिलं, की प्रोग्रॅम तयार होतानाच कंपायलर प्रत्येक हाक या कराराशी ताडून पाहतो. दशांश जुळले नाहीत तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. चूक यार्डात न सापडता टेबलावर सापडते. शिवाय हाकेतून उत्तरही थेट परत घेता येतं, एखाद्या सूत्रात वापरावं तसं.

जुनी मंडळी सुरुवातीला कुरकुरली. दोन ओळींत होणाऱ्या कामाला आठ ओळी कशाला? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, टंकण वाढतंच.

मुलं जिथे अडकतात ती जागा मात्र वेगळी आहे. करारात 'कॉन्स्ट' हा शब्द घातला, की कंपायलर उदार होतो. दशांश जुळत नसतील तर तो स्वतःच आकड्याची योग्य मापाची प्रत बनवून देतो. सोय चांगली, पण दशांश नसलेल्या मापात १२५०.७५ बसवताना पाऊण किलो गुपचूप गळतं. शंभर पटीची चूक टळली, तरी दर पट्टीला थोडं थोडं झिरपत राहिलं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. कंपायलर हाक ताडतो ती करारापुरती. समोरच्या प्रोग्रॅममध्ये खरोखर काय आहे ते तो जाऊन पाहत नाही. म्हणून प्रत्येकाने आपापल्या प्रोग्रॅमात आठवेल तसा करार लिहिला, तर सगळा बंदोबस्त पोकळ. एकाने जुनी प्रत उतरवली, दुसऱ्याने दशांश बदलले, तरी दोघांनाही कंपायलरची शाबासकी! करार एकाच फाइलीत ठेवायचा, हाक मारणाऱ्याने तीच जोडायची आणि ज्याला हाक मारायची त्यानेही तीच जोडायची. मग दोन्ही टोकं तपासली जातात. माझ्या मते अर्धी विद्या इथेच आहे, पण पुस्तकातल्या उदाहरणांत दोन्ही टोकं एकाच पानावर असल्याने ती मुलांच्या ध्यानात येत नाही.

२०१३ पासून हे करार घरं न मोजता मोकळ्या ओळींत लिहिता येतात. बँकांत, विमा कंपन्यांत, गोदामांत जुने प्रोग्रॅम मात्र अजून चालू आहेत आणि त्यांत जुन्या पद्धतीच्या हाका भरपूर आहेत. नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी अशीच एक हाक देतो, बोलावलेल्या प्रोग्रॅमातले दशांश मुद्दाम बदलायला लावतो आणि आकडा शंभर पट झालेला दाखवतो. मग दोन्ही टोकांना एकच करार जोडून पुन्हा तोच उद्योग करायला सांगतो. या वेळी कंपायलर नकार देतो. तो नकार कोणत्या ओळीवर आला आणि का, हे त्याने मला मराठीत समजावून सांगायचं.