थंडीतला मृग आणि मागचे अंगण

जानेवारीतली रात्र. शिकागोच्या उपनगरात पारा उणे 12 अंशांवर. अशा वेळी ट्रायपॉड घेऊन मागच्या अंगणात जा म्हटले, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण दक्षिणेकडे एकदा बघा. मृग नक्षत्र वर आले आहे. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक अंधुक, धुरकट ठिपका दिसेल. तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांचे जन्मस्थान. तो सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर आहे. आज तुमच्या कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते!

थंडी इथे तुमच्या बाजूने आहे. सेन्सरमध्ये उष्णतेमुळेही इलेक्ट्रॉन सुटतात आणि फोटोत खोटे ठिपके दिसतात. तापमान साधारण 6 अंशांनी उतरले की हे उपरे इलेक्ट्रॉन निम्मे होतात. म्हणजे 24 अंशांच्या उन्हाळी रात्रीपेक्षा उणे 12 ला ते सुमारे 64 पटींनी कमी! वापरताना सेन्सर थोडा तापतो, तरी फायदा मोठाच. मात्र बर्फ साचलेला असेल तर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड परावर्तित होऊन आकाश उजळते, हेही लक्षात ठेवा.

महागडी दुर्बीण नको. साधा डीएसएलआर आणि 50 मिमीची लेन्स पुरे. व्याधावर रोखून तो अगदी बारीक टिंब दिसेपर्यंत हाताने फोकस करा. पृथ्वी फिरते, त्यामुळे 5-6 सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडे ठेवले तर ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून 5 सेकंदांचे 200 फोटो काढा आणि 'डीप स्काय स्टॅकर' या मोफत प्रोग्रॅममध्ये एकावर एक रचा. शंभर फोटो रचले की चित्र दहापट स्वच्छ होते.

माझी पहिली रात्र वाया गेली. दोन तास कुडकुडलो आणि घरात येऊन बघतो तर फोटोंत नुसते धुके! लेन्सवर हिम धरले होते. तेव्हापासून लेन्सभोवती हात गरम ठेवायची पुडी रबरबँडने बांधतो. जादा बॅटरी आतल्या खिशात असते, कारण थंडीत ती लवकर मान टाकते. आत येण्याआधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला, नाहीतर घरातली दमट हवा लागून त्यावर पाणी धरते.

या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 रोजी न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज-ऑन-हडसन इथे काढला. कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिलाच फोटो. 11 इंची दुर्बीण आणि 51 मिनिटे लागली. तुमचे 200 फोटो जेमतेम 17 मिनिटांचे!

पुण्याहून हा तेजोमेघ 66 अंशांपर्यंत चढतो, शिकागोहून 43. आकाशात थोडा खाली, पण मृग तोच. फोटो जमला की घरी नक्की पाठवा. आणि हो, कानटोपी विसरू नका.