ऑस्लोचा जाणता कान

ध्वनिमुद्रक यान एरिक कॉन्ग्सहाउग यांचं नाव रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. पण १९७०नंतरच्या युरोपीय जॅझचा नाद घडवणाऱ्यांत मी त्यांना पहिल्या रांगेत बसवतो.

जन्म १९४४चा, नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमचा. वडील गिटारवादक, मुलगाही गिटार वाजवणारा. इलेक्ट्रॉनिक्स शिकून तो ऑस्लोत आर्ने बेंडिकसेन यांच्या स्टुडिओत लागला. तिथे सप्टेंबर १९७०मध्ये म्युनिकहून मानफ्रेड आयशर आले. त्यांची ईसीएम ही रेकॉर्ड कंपनी जेमतेम वर्षभराची होती. सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांचं ध्वनिमुद्रण एका कलासंग्रहालयात करायचा बेत होता, पण तिथला घुमारा आवरेना. म्हणून सगळे बेंडिकसेनमध्ये आले. त्यातून ‘आफ्रिक पेपरबर्ड’ ही रेकॉर्ड झाली आणि पुढे जवळपास अर्धशतक टिकलेली आयशर-कॉन्ग्सहाउग ही जोडीही जमली.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, माइल्स डेव्हिसच्या दौऱ्यात ऑस्लोला आलेल्या कीथ जॅरेटनं एका दिवसात ‘फेसिंग यू’ वाजवून दिली. एकटा पियानो. तो ऐकताना स्वर कुठे विरतो तिथपर्यंत कान जातो. कॉन्ग्सहाउग यांचं कसब मला त्या विरण्यात दिसतं. रेव्हर्ब, म्हणजे घुमारा, ते भरपूर वापरत, तरी वाद्याची कड बोथट होत नसे. ईसीएमचा रिवाज दोन दिवस मुद्रण आणि तिसऱ्या दिवशी मिक्सिंग असा. इतक्या थोड्या वेळात निर्णय घ्यायचा तर यंत्राइतकंच संगीतही कळावं लागतं, आणि ते त्यांना घरातूनच कळत आलं होतं.

मधली काही वर्षं टॅलेंट स्टुडिओत गेली. गिटारवादक पॅट मेथेनीच्या सुरुवातीच्या काही रेकॉर्ड तिथल्या. १९८४मध्ये त्यांनी स्वतःचा रेनबो स्टुडिओ उघडला.

त्याच वर्षी व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’साठी मुंबईचे दोन तालवादक, झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू, कॉन्ग्सहाउग यांच्या मायक्रोफोनसमोर बसले. डिसेंबर १९८६मध्ये झाकीरभाई पुन्हा रेनबोत होते. या वेळी हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि गार्बारेक यांच्यासह. ती ‘मेकिंग म्युझिक’. तिच्यात डग्ग्याची मींड, बासरीतला श्वास आणि सॅक्सोफोनची धार एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तबल्याला मागे ढकलून नुसता ठेका उरवणारी फ्यूजन मुद्रणं पुष्कळ ऐकली आहेत, म्हणून या मोकळेपणाची किंमत मला फार वाटते.

ईसीएमसाठी त्यांनी ७००च्या आसपास ध्वनिमुद्रणं केली. ५ नोव्हेंबर २०१९ला ते गेले. दुसऱ्यांचं वाजवणं इतकी वर्षं टिपणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गिटारच्या रेकॉर्ड मोजक्याच: १९९९ची ‘दि अदर वर्ल्ड’ आणि २००३ची ‘ऑल दीज इयर्स’. मेथेनी आणि जॅरेट ऐकणाऱ्यांनी त्याही मिळवून ऐकाव्यात.